तुकडा कुठे सापडला

मशीन थांबलं तेव्हा घड्याळ माझ्या हातात चालू होतं, आणि ते बंद करायचं मी विसरलो. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. शर्ट शिवण्याच्या कारखान्यात माझं काम एवढंच, की बायकांच्या पाठीमागे उभं राहायचं आणि कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते मोजायचं. म्हणून हॉलमध्ये मला सेकंदवाला म्हणतात. तोंडावर साहेब, पाठ वळली की सेकंदवाला, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं नावच जास्त आवडतं. काल सकाळी मी कॉलर लावणाऱ्या बाईमागे उभा होतो. सगळ्या शर्टात कॉलर लावणं अवघड, आणि हिचा हात असा की बघत राहावं. पांढरं कापड तिच्या बोटांखालून पाण्यासारखं सरकत होतं. तेवढ्यात ‘टक्’ झालं. आवाज लहान होता. लाइनीतल्या अडतीस मशिनींच्या घरघरीत तो बुडून जायला हवा होता, पण तसा तो कधीच बुडत नाही. सुई मोडल्याचा आवाज सगळ्या लाइनीला ऐकू येतो, मान कुणी वर करत नाही एवढंच. एरवी तो ऐकला की माझा अंगठा आपोआप बटणावर जातो. घड्याळ बंद, आकड्यावर आडवी रेघ, शेजारी एक शब्द, ‘अपवाद’. आम्हाला शिकवणारे मास्तर म्हणायचे, बाबांनो, रोजचं काम मोजा, अपवाद मोजत बसाल तर जन्म जाईल. मी ते मनावर घेतलं होतं. पण त्या सकाळी माझं लक्ष चार वाजताच्या बैठकीत होतं, आणि अंगठा तिथेच राहिला.

बैठक माझ्याच कागदावर होती. शेजारी नवा हॉल उभा राहिला होता, दोनशे नव्या मशिनी खोक्यांत येऊन पडल्या होत्या, आणि प्रत्येक मशिनीबरोबर एक गार्ड आला होता. गार्ड म्हणजे काही मोठी वस्तू नाही. सुईच्या पुढे बसवायची वाकवलेल्या तारेची चौकट, दोन बोटांएवढी, बोट सुईखाली जाऊ नये म्हणून. सुईत दोरा ओवताना ती आड येते, वर सारावी लागते, पुन्हा खाली घ्यावी लागते. दोन सेकंद. दिवसात तीस वेळा दोरा ओवायचा म्हणजे मशीनमागे एक मिनिट. हे मी सहा वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं आणि जुन्या हॉलमधले सगळे गार्ड काढायला लावले होते. थेंबे थेंबे तळे साचे, हे माझ्या त्या कागदावरचं पहिलं वाक्य होतं, बोला! मोठे साहेब खूश झाले. मला हातांची खुर्ची मिळाली, काचेची खोली मिळाली. त्या दिवशी मी सबंध हॉलला चहा पाजला होता. आणि आता नव्या हॉलसाठी तोच कागद, तारीख तेवढी बदललेली. गार्ड बसवू नयेत अशी शिफारस, खाली माझी सही. साहेबांनी मान डोलावली की खोकी फुटणार होती, आणि नवा हॉल माझ्या हाताखाली येणार होता.

सुई मोडली की आमच्याकडे एक नियम आहे, बाहेरच्या माणसाला तो वेडेपणा वाटेल. मोडलेल्या सुईचा कणन्‌कण सापडल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. तुकडे जुळवायचे, पूर्ण सुई झाली पाहिजे, मग ती चिकटपट्टीखाली वहीत चिकटवायची, मगच दुसरी. का, तर एखादा तुकडा शिवणीत राहिला आणि शर्ट समुद्रापार गेला, तिथे कुणा पोराच्या मानेत टोचला, तर सगळा माल परत येतो आणि पुन्हा काम येत नाही. त्यामुळे सुपरवायझर बाई लोहचुंबकाची काठी घेऊन धावत आल्या. लाइन थांबली. बायका उठून कपडे झटकू लागल्या, कुणी खुर्च्यांखाली वाकलं, कुणी शिवलेला गठ्ठा उलटा करून बघितला. दांड्याकडचा तुकडा मशीनमध्येच होता, मधला जमिनीवर सापडला. टोक मिळेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. ‘अहो, गेलं कुठे? गिळलं का कुणी?’ सुपरवायझर बाई वैतागल्या. कॉलरवाली मात्र जागेवरून हलली नव्हती. मूठ मांडीवर आवळून, ओठ घट्ट मिटून बसली होती, आणि सगळे जमिनीकडे बघत असताना ती एकटी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘शोधू नका. माझ्याजवळ आहे.’ तिनं मूठ उघडली. डाव्या हाताची तर्जनी. नखावर एक काळा ठिपका, एवढासाच, आणि खालच्या बाजूने चकाकणारं टोक डोकावत होतं. रक्त जवळजवळ नव्हतंच. मी म्हटलं, ‘अगं बाई, मग बोलली का नाहीस?’ ती म्हणाली, ‘पांढरा माल आहे ना, डाग पडला असता. आणि तुम्ही मोजत होतात. म्हटलं, तुमचं मोजणं बिघडेल.’

चेहरा मी साहेबाचाच ठेवला. दवाखान्याच्या खोलीतल्या नर्सबाईंनी चिमट्यानं टोक ओढून काढलं. ते निघताना कॉलरवालीनं आवाज केला नाही, फक्त तिचे पाय टेबलाखाली एकमेकांवर दाबले गेले, ते मला दिसलं. हाडाला काही झालंय का बघायला पाहिजे म्हणून तिला गाडीतून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जाताना ती सुपरवायझर बाईंना सांगत होती, माझा गठ्ठा कुणाला देऊ नका, मी येते दुपारपर्यंत. नर्सबाईंनी टोक कापसावर ठेवून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, ‘सुईकाकूकडे पोचवा, नाहीतर लाइन सुरू व्हायची नाही.’ तेव्हा मला खिशातलं घड्याळ आठवलं. घड्याळ चालू होतं. मी काढून बघितलं, चौतीस मिनिटं. आता बंद करून काय उपयोग, म्हणून तसंच खिशात टाकलं, आणि कापसावर तो कण घेऊन हॉलच्या टोकाच्या खिडकीकडे चालत गेलो. तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तू, पण दोन्ही हातांनी धरावीशी वाटत होती.

सुईकाकू म्हणजे सुयांच्या कोठीवरची बाई. चौदा वर्षं ती त्या खिडकीत बसलेली आहे. मोडकी सुई घ्यायची, चांगली द्यायची, वहीत लिहायचं. कुणाशी फार बोलत नाही, पण बोलली की बरोबर लागतं. तिनं टोक पुसलं, तिन्ही तुकडे ओळीत मांडले, भिंगातून पाहिलं, आणि वरून चिकटपट्टी अलगद दाबली, लहान बाळाच्या अंगावर पांघरूण घालतात तशी. मग खाली लिहायला लागली. तारीख, लाइन, मशीन. शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘तुकडा कुठे सापडला’. तिथे तिनं तीन शब्द लिहिले. मशीनमध्ये. जमिनीवर. बोटात. सुबक अक्षर, कुठे खाडाखोड नाही. या खिडकीपुढून मी दिवसाला दहा वेळा जातो, ही वही हजारदा पाहिली असेल, पण तो रकाना वाचला नव्हता. कशाला वाचायचा? तो माझ्या कामाचा नव्हता. माझं खातं सेकंदांचं. ‘काकू, जरा बघू,’ मी म्हटलं. तिनं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ‘आज सवड झाली वाटतं,’ म्हणाली, आणि वही फिरवून माझ्याकडे सरकवली.

मी पान उलटलं. प्रत्येक पानावर वीसेक सुया, चिकटपट्टीखाली आडव्या, तुकडे जुळवून पूर्ण केलेल्या. खिडकीतल्या उजेडात सगळं पान चमकलं. मी कधी देवळात फारसा जात नाही, पण त्या क्षणी आवाज खाली आणावा असं वाटलं. चौदा वर्षांत मोडलेली एकही सुई हरवली नव्हती! कुठल्याशा परक्या पोराची मान सांभाळायला या बाईनं हजारो तुकडे वेचून, जुळवून, निजवून ठेवले होते. आणि शेजारी तो रकाना. टेबलावर, कापडात, बोटात. जमिनीवर, बोटात. कापडात, केसांत, बोटात. मी मागे मागे जात राहिलो. जुन्या वह्या मागितल्या, तिनं काढून दिल्या. महिन्याला चार, महिन्याला पाच. मग एका पानाशी ते थांबलं. त्याच्या आधीच्या पानावर बोटात नव्हतं. त्याच्या आधीच्याही नव्हतं. मी दोन वर्षं मागे गेलो, टेबलावर, जमिनीवर, कापडात, टेबलावर. सुया तेव्हाही मोडत होत्या, तेवढ्याच मोडत होत्या. दोन वर्षांत बोटात एकदा, फक्त एकदा. मी पुन्हा त्या पानाशी आलो आणि तारीख बघितली. ‘कसली बघताय तारीख?’ सुईकाकू म्हणाली. ‘त्या दिवशी तुम्ही चहा पाजला होतात. साखर जास्त होती.’

अंगावर काटा आला तो भीतीनं नाही. इतकी स्वच्छ मांडणी मी जन्मात केली नव्हती. मी तक्ते काढतो, रेषा काढतो, टक्के काढतो. आणि इथे एका खिडकीत बसून, कुणी सांगितलं नसताना, कुणावर ठपका न ठेवता, या बाईनं माझ्या एका कागदाचं सगळं पुढचं आयुष्य ओळीनं चिकटवून ठेवलं होतं. मी पुढची पानं उलटत गेलो, तर एका पानाशी तिनं वहीवर हात ठेवला. ‘ते राहू द्या.’ ‘का?’ ‘राहू द्या म्हटलं ना.’ आता माणसाला नको म्हटलं की त्याचा हात तिकडेच जातो. मी तिचा हात बाजूला केला. चहाच्या दिवसानंतर तीन महिन्यांनी पडणारी तारीख, मघाशी मी नुसता रकाना बघत इथून मागे गेलो होतो. दुसरी लाइन, मशीन एकतीस. बोटात. एकतीस नंबरच्या मशिनीवर तेव्हा माझी ताई बसत होती. सुईकाकू खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘तिनं शपथ घातली होती. माझ्या भावाला कळता कामा नये म्हणाली. सहा वर्षं पाळली. आज तुम्ही स्वतः बघितलंत, त्याला मी काय करू?’

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा आणि ताई सतराची. त्याच वर्षी ती मशिनीवर बसली. माझ्या वह्या, माझी फी, माझं ते दोन वर्षांचं शिक्षण, सगळं त्या मशिनीतून निघालं. तिच्या पायांना पेडलची इतकी सवय, की झोपेतही उजवा पाय हलायचा आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या तिचे टाके मोजायचो. मोजण्याची खोड मला तिथूनच लागली असणार. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती बोटाला पट्टी बांधून आली. भाजी चिरताना सुरी लागली म्हणाली. मी म्हटलं, अगं पण तू तर आत्ता कामावरून येतेयस, भाजी कधी चिरलीस? ‘सकाळी,’ म्हणाली. मी ‘बरं’ म्हटलं. दुसऱ्याचं बघायचं वाकून हा माझा धंदा, आणि घरातलं मला दिसलं नाही. मग काही दिवसांनी तिनं मशीन सोडलं आणि खालच्या मजल्यावर बटणं तपासायच्या कामाला लागली. डोळे थकले म्हणाली. पगार कमी झाला. मी म्हटलं, आता मी आहे ना, बस निवांत. किती मोठा झालो असं वाटलं होतं तेव्हा! तिनं घरी सुईत दोरा ओवणं बंद केलं, माझ्याकडे द्यायची. मी चिडवायचो, ‘म्हातारी झालीस तू, चष्मा आण.’ ती हसायची. गरम चहाचा पेला ती डाव्या हातात धरून बसायची आणि मी म्हणायचो, गेंड्याची कातडी आहे का काय तुझी! एकदा ती चुलीपाशी उभी होती, काहीतरी जळल्याचा वास आला, मी धावत गेलो तर तिची डावी तर्जनी तापलेल्या झाकणावर टेकलेली होती आणि ती खिडकीतून शेजारणीशी बोलत होती. मी हात ओढला. ‘अगंबाई,’ म्हणाली, ‘लक्षच नव्हतं.’ लक्ष नव्हतं! हे वाक्य मी हॉलमध्ये किती वेळा लिहिलंय, कारणाच्या जागी. कामगाराचे लक्ष नव्हते.

मी परत हॉलमध्ये आलो. लाइन सुरू झाली होती, कॉलरवालीच्या जागी दुसरी कुणी बसली होती. सुपरवायझर बाईंच्या फळ्यावर ‘एक्केचाळीस मिनिटं बंद’ असं लिहिलं होतं. मी नेहमीच्या जागी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कामाकडे न बघता बोटांकडे बघितलं. सुई सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर वेळा खाली येते. दिसत नाही, तिच्या जागी नुसती एक धूसर रेघ दिसते. त्या रेघेपासून अर्ध्या इंचावर जिवंत बोट, आणि ते बोट रेघेच्या बाजूने चालत असतं, वळतं, मुडपतं, कापड आत लोटतं आणि सुटतं. कापड सरकवणं, उचलणं सगळं वजा केलं तरी एकेका बाईच्या बोटाशेजारून सुई दिवसाला तीन-साडेतीन लाख वेळा जाते. अडतीस बायका. मी डोक्यात गुणाकार केला. सव्वा कोटी! एका लाइनीत, एका दिवसात, सव्वा कोटी वेळा काही होत नाही. आणि त्या बोलत असतात, हसत असतात, एक जण शेजारणीला सासूची नक्कल करून दाखवत होती, बोटं तिकडे आपली चालत होती. केवढं हे! हे मी अकरा वर्षं बघतोय आणि दिसलं नाही! सव्वा कोटी वेळा जे चुकत नाही ते एकदा चुकलं की आम्ही विचारतो, बाई, लक्ष कुठे होतं? आणि त्या सव्वा कोटींच्या आड उभी राहणारी ती एक तार मी दोन सेकंदांसाठी काढून घेतली. मला तिथल्या तिथे सगळ्यांचे हात धरावेसे वाटले. अर्थात तसं केलं असतं तर सगळी लाइन ओरडली असती, सेकंदवाल्याला वेड लागलं म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत मी खालच्या मजल्यावर गेलो. ताई लांब टेबलापाशी डबा उघडून बसली होती, शेजारी बटणांचे ट्रे. मला बघून म्हणाली, ‘आज इकडे कसा? बैठक झाली?’ ‘चार वाजता आहे. हात दाखव.’ ‘कुठला?’ ‘डावा. सुरी लागलेला.’ ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, ‘त्या सुईवालीच्या पोटात काही राहत नाही.’ ‘ती नाही बोलली. मी वही बघितली. ताई, तू मला सांगितलं का नाहीस?’ ‘काय सांगू? तुला साहेबांनी खोली दिली होती. नवे बूट घेतले होतेस, ते उशाशी ठेवून झोपायचास. एवढा मोठा बाप्या, आणि उशाशी बूट! त्यात मी येऊन सांगू, की बाळा, तुझ्या हुशारीनं माझं बोट गेलं?’ मी तिचं बोट हातात घेतलं. नखाच्या मधोमध उभी चीर होती, नख दोन भागांत वाढत होतं. मी शेंड्यावर माझं नख टोचलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आणखी जोरात टोचलं. ‘काय करतोयस?’ तिनं खाली पाहिल्यावर विचारलं. तेव्हा मला रडू आलं, भर जेवणाच्या सुट्टीत, बटणांच्या ट्रेपुढे. ‘आता पुरे,’ ती म्हणाली. ‘बायका बघतायत. आणि ऐक. चार वाजता तिथे माझं नाव काढू नकोस. बिचारी बहीण, बिचारं बोट, असं करून मागशील तर साहेब हळहळतील आणि महिनाभर गार्ड राहतील. कीव महिनाभरच टिकते. नवा माल आला की पुन्हा काढतील. त्यांच्याशी सेकंदांत बोल. ते त्यांना कळतं, आणि तेवढंच तुला येतं.’ ‘माझा कागद उलटा पडेल, ताई. नवा हॉल जाईल.’ ‘मग जाऊ दे,’ ती म्हणाली, ‘बूट आहेत ना अजून?’

चार वाजता मी मोठ्या साहेबांच्या टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. माझा कागद, सुईकाकूची वही आणि घड्याळ. साहेब वाईट माणूस नाहीत. घाईचे आहेत. स्वतः कापणीच्या टेबलावरून वर आलेत, आकडा ऐकला की त्यांचे डोळे बारीक होतात. ‘हं, किती वाचतात सांग,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘लाइनीमागे दिवसाला अडतीस मिनिटं वाचतात. महिन्याला साधारण हजार.’ ‘वा. मग सही करू?’ ‘आणि एक बोट गेलं की दीड हजार जातात.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सांगत गेलो, आवाज कापत होता पण आकडे कापत नव्हते. आज सकाळी टोक शोधायला लाइन एक्केचाळीस मिनिटं उभी होती. अडतीस मशिनी गुणिले एक्केचाळीस. एका बोटानं लाइनीची महिन्याची बचत खाल्ली, वर आणखी निम्मी. सहा लाइनी मिळून महिन्याला अशी चार-पाच बोटं. त्यात कॉलरवालीसारखा हात पंधरा दिवस घरी बसतो, त्या जागी येणारीला कॉलर जमायला दोन महिने लागतात, डाग पडलेला माल वेगळाच, आणि हात कायमचा गेला की ती बाई खाली बटणं तपासते. इथे मी थांबलो. साहेबांनी ते घड्याळ उचललं. ‘हे चालू का आहे?’ ‘सकाळची सुई आहे, साहेब. कॉलरवाली अजून परत आलेली नाही. सहा तास वीस मिनिटं झाली.’ ‘हे सगळं तेव्हा का नाही मांडलंस?’ ‘मोजलंच नाही.’ ‘तू? तू मोजलं नाहीस?’ ‘सुई मोडली की मी घड्याळ बंद करायचो. अपवाद लिहून खोडायचो. शिकवलंच तसं होतं. पण चूक माझी आहे.’

साहेबांनी वही ओढली आणि खिडकीकडे धरली. उजेड पडला आणि सुया चमकल्या, पानामागून पान. हा माणूस भल्याभल्यांना पाच मिनिटांत वाटेला लावतो, तो पाव तास उभा राहून वाचत होता, ओठ हलत होते. एकदा म्हणाले, ‘ही बाई आपल्याकडे चौदा वर्षं हे करतेय?’ म्हटलं, हो. ‘आणि आपण चार आण्याची कोंबडी वाचवली, बारा आण्याचा मसाला घालून.’ मग खाली बसले. ‘नव्या मशिनींना गार्ड बसतील. जुन्यांचे कुठे आहेत? फेकले असशील.’ मी फेकायलाच सांगितलं होतं. पण वही मागायला गेलो तेव्हा सुईकाकूनं खिडकीखालचं फडकं बाजूला करून दाखवलं होतं. तीन खोकी, दोनशे अठ्ठावीस गार्ड, दर वर्षी तेल लावून पुसलेले. ‘टाकवेनात,’ एवढंच म्हणाली होती. मी साहेबांना ते सांगितलं. ते म्हणाले, ‘उद्यापासून बसवायला घे. तू स्वतः बसव, एकेक. नवा हॉल मी दुसऱ्या कुणाला देतो. राग मानू नकोस, पण सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं.’ मी मान हलवली. राग नव्हता. खरं तर उतरताना पाय हलके वाटत होते, आणि त्याची लाजही वाटत होती.

आज पहिला गार्ड मीच बसवला, एकतीस नंबरला. दोन स्क्रू, पाचच मिनिटांचं काम. तिथे बसणारी नवी मुलगी म्हणाली, साहेब, हे आड येतं हो. म्हटलं, येऊ दे. कॉलरवालीचा निरोप आला, हाड वाचलंय, पुढच्या आठवड्यात येते, आणि माझा गठ्ठा कुणाला दिला का? पण हे सगळं आजचं. काल साडेसहाला मी घरी पोचलो तेव्हा ताई माझ्या आधी आली होती. स्वयंपाकघरात उजेड होता अजून. मी काय झालं ते सांगितलं, नवा हॉल गेला तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला. मी खिशातलं सगळं काढून ओट्यावर ठेवलं तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, हे पळतंय अजून.’ नऊ तास होत आले होते. मी म्हटलं, कुठे बंद करावं तेच कळेना. लाइन सुरू झाली तेव्हा करायला हवं होतं, की कॉलरवाली परत येईल तेव्हा, का कधी. ‘वेडा आहेस,’ ती म्हणाली. ‘आण, मी करते.’ तिनं घड्याळ उजव्या हातात धरलं, डावी तर्जनी वर टेकवली आणि दाबली, नीट, जोर लावून, शेंडा पांढरा होईपर्यंत. बोट बटणाच्या शेजारी, नुसत्या कडेवर होतं. तिचं लक्ष माझ्याकडे होतं, ती हसत होती.

‘थांबलं का रे?’ तिनं विचारलं.

मी आकड्यांकडे बघितलं. ‘नाही, ताई,’ मी म्हटलं.